निशाणी कात्री

तो कागद वरून अर्ध्यापर्यंत फाडलेला होता. जीर्ण होऊन फाटलेला कागद वेगळा दिसतो, त्याच्या कडा घडीवर झिजतात. हा दोन्ही हातांत धरून मुद्दाम फाडलेला होता, आणि फाडणाऱ्यानं मजकूर संपायच्या आत हात थांबवला होता.

मी पुण्यात एकवीस वर्षं गृहकर्जाचं काम केलं. बँकेची नोकर नव्हते, मध्यस्थ होते. लोक आम्हाला एजंट म्हणतात, बँका डीएसए म्हणतात, माझ्या वडिलांच्या पिढीतले दलाल म्हणत. ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्यांचं काम माझ्याकडे फारसं नसायचं. त्यांना माझी गरज नव्हती. माझ्याकडे यायचे ते केटरर, मंडपवाले, पिठाच्या गिरणीवाले, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बायका, रिक्षाबरोबर दुधाची लाइन टाकणारे. अशा प्रत्येकाला मी पहिल्या भेटीत एकच सांगायची: घरातले सगळे कागद घेऊन या, निवड मी करीन.

2016 च्या उन्हाळ्यात शुक्रवार पेठेतला एक शिंपी असेच सगळे कागद घेऊन आला. ब्लाउज शिवणारा, हाताखाली चार कारागीर, दुकान भाड्याचं. वीजबिलं, शॉप ॲक्टचा दाखला, मुलीची मार्कलिस्ट आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला हा फाडलेला कागद. मोडी मी चाळिशीनंतर शिकले, जुनी खरेदीखतं समोर यायची त्यापायी. माझं वाचन हळू आहे, पण त्या दुपारी मी तो कागद वाचून काढला. 1889 सालचं गहाणखत. मुद्दल 125 रुपये, व्याज दरमहा दर शेकडा एक रुपया, गहाण म्हणून पेठेतलं दोन खणी घर, ताबा लिहून देणाऱ्याकडेच. खाली सहीच्या जागी शाईनं काढलेली छोटीशी कात्री आणि शेजारी लेखकाच्या अक्षरात दोन शब्द: निशाणी कात्री.

ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याचं हत्यार काढून देई. कुणब्याचा नांगर, शिंप्याची कात्री, बाई असेल तर बांगडी. लिहिता येणाऱ्या कुलकर्ण्याचीसुद्धा निशाणी असे, लेखणी-दौत. कागदावर माणसाची ओळख पटवायची तर तो काय करून पोट भरतो ते काढून दाखवायचं, अशी ती पद्धत. मला ती फार योग्य वाटते. माझं सगळं काम हेच होतं, माणसाची कात्री कागदावर उमटवणं. त्या दुपारनंतर मी या धंद्याचा मागोवा घेऊ लागले.

ज्याचं उत्पन्न ठरावीक नाही त्यानं कर्ज काढायचं, ही अडचण गरिबांचीच होती असं नाही. थोरल्या बाजीरावांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. चौथाई-सरदेशमुखीचा पैसा मोहीम फत्ते झाली तर येणार, आणि फौजेचा खर्च रोजचा. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींकडून त्यांनी कर्ज घेतलं होतं आणि त्या देण्याची चिंता त्यांच्या पत्रांत सारखी डोकावते. पेशवाईत मामलत मिळवायची तर वसूल हातात येण्याआधीच सरकारात रसद भरावी लागे. ती रक्कम मामलेदार सावकाराकडून उचलायचा, पुढे पिकणाऱ्या शेताच्या भरवशावर. म्हणजे सरकार, मामलेदार, सावकार तिघेही अजून न आलेल्या पैशाचा अंदाज बांधत बसलेले.

अंदाजाला आधार लागतो, आणि तो आधार जामिनाचा असे. जुन्या कागदांत दोन प्रकारचे जामीन भेटतात. हाजीरजामीन म्हणजे माणूस पळून जाणार नाही, बोलावल्यावर हजर करीन असं सांगणारा. मालजामीन म्हणजे त्यानं पैसे नाही दिले तर मी भरीन असं लिहून देणारा. हे दोन वेगळे धरण्यात केवढी समज होती! एक माणसाच्या स्वभावाची हमी, दुसरी त्याच्या ऐपतीची. पुढे मी बँकांच्या अर्जांत हाच भेद शोधत राहिले.

मुंबईत हा धंदा वेगळ्या अंगानं वाढला. तिथे शिकारपुरी सराफ होते, बाजारात त्यांना मुलतानी म्हणत. छोट्या दुकानदाराला ते काही महिन्यांच्या मुदतीच्या हुंडीवर पैसे देत आणि तीच हुंडी पुढे बँकेत वटवून घेत. सराफाला दुकानदार ठाऊक नसे, त्याला दलाल ठाऊक असे. दलाल पेठेत रोज फिरायचा. कुणाचा माल पडून आहे, कुणाकडे गिऱ्हाईक वाढलंय, कुणी मुलीच्या लग्नात हात सैल सोडला, हे त्याच्या डोक्यात असायचं आणि त्या माहितीवर तो दलाली घ्यायचा. मराठीत यासाठी एकच शब्द आहे, पत. पतपेढी, पतसंस्था हे सगळे त्यातून आले. पत म्हणजे पैसा नव्हे. तुझ्याविषयी चारजण काय सांगतील, ते म्हणजे पत, आणि ते कुणीतरी सराफाच्या कानावर घालावं लागे.

मात्र या मध्यस्थाच्या हातात लेखणी आली आणि ऋणकोला वाचता येत नसलं, तर काय होतं, हे पाहायचं असेल तर सुप्याला जावं. मी दोनदा गेले. पुणे-सुपे म्हणून शहाजीराजांच्या जहागिरीत ज्याचं नाव येतं तेच हे गाव, आता बारामती तालुक्यात. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, इथे आजूबाजूच्या गावांतले कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. त्यांना हवी होती खतं. सापडली ती बाहेर आणून जाळली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं, पण माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे झाले. लोकांचा राग कागदावर होता.

तो राग साठत कसा गेला, हे मी कर्जाच्या धंद्यात राहिले म्हणून मला नीट उमगलं. अमेरिकेत 1861 ला यादवी सुरू झाली, तिथला कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात मोकळा सोडला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि वर 1867 पासून सरकारनं सारा वाढवला. याच काळात 1859 चा मुदतीचा कायदा लागू होता. साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर खत बाद. कायदा ऋणकोला जुन्या देण्यातून सोडवण्यासाठी आला होता. सावकारांनी काय केलं? मुदत संपत आली की नवं खत, आणि थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून. हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही असा. पण व्याजच दर तीन वर्षांनी मुद्दल होऊन बसलं तर दामदुपट कुणाला धरणार? पंचवीस रुपये घेतलेला माणूस दहा वर्षांनी शंभरांचा देणेकरी होई आणि प्रत्येक खतावर त्याच्याच नांगराची निशाणी असे.

खत लिहिणारा गावचाच असायचा. त्याला लिहिणावळ सावकाराकडून मिळायची. मला सुप्याच्या सगळ्या हकिकतीत हेच सर्वांत जास्त लागतं. मध्यस्थाचे पैसे ज्याच्या खिशातून येतात त्याच्याकडे तो झुकतो. माझंही कमिशन बँकच द्यायची, कर्जाच्या रकमेवर. गिऱ्हाईकानं जितकं मोठं कर्ज घ्यावं तितके माझे पैसे वाढणार. हे प्रत्येक फाइल उघडताना स्वतःला बजावावं लागतं, आणि मी ते बजावत आले.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला, हप्ते बांधून देता येऊ लागले. या कायद्यातलं जे कलम मला सर्वांत मोठं वाटतं ते गावच्या रजिस्ट्रारचं. शेतकऱ्यानं करून द्यायचा दस्त या रजिस्ट्रारनं लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहून घ्यायचा, आणि निशाणी होण्याआधी तो लिहून देणाऱ्याला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचायचा, लागलं तर समजावून द्यायचा. मोबदला किती, कसा दिला, ते पूर्ण लिहायचं. सरकारनं एक माणूस नेमला, ज्याचं काम ऋणकोला त्याचा स्वतःचा कागद वाचून दाखवणं हे होतं. हा कायदा पुढे अनेक अंगांनी फसला, सावकारांनी पळवाटा काढल्या. मुदत-खरेदीची खतं म्हणजे दिसायला विक्री आणि आतून गहाण, ही चाल तर चांगलीच बोकाळली. तरी ते कलम ज्यानं लिहिलं त्याला माझा नमस्कार आहे.

शहरातली गहाणं निराळ्या वाटेनं गेली. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं गहाणाचे प्रकार ठरवून दिले आणि त्यात एक होता मूळ कागद नुसते सोपवून करायचं गहाण. पण ही सोय मोजक्या शहरांपुरती, मुंबई त्यांतलं एक. मिळकत कुठेही असू दे, कागद हातात देण्याची जागा मात्र त्या शहरात पाहिजे. मला धंद्यात आणणारे एक वयस्कर गृहस्थ सांगायचे, त्यांच्या उमेदीच्या काळात कर्जदार आणि बँकेचा माणूस असे दोघं डेक्कन क्वीननं मुंबईला जात, लाल फडक्यात बांधलेले कागद टेबलावरून इकडून तिकडे सरकवत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरासाठी कर्ज मागितलं ते 1984 साली. सदाशिव पेठेत आमचा खिळ्यांचा छापखाना होता. लग्नसराईत पत्रिका, एप्रिल-मेमध्ये शाळांच्या वह्यांची कव्हरं, गणपतीत अहवाल. भाद्रपदात जे यायचं ते दिवाळीपर्यंत पुरायचं. घरासाठी पगारदारांना कर्ज मिळू लागलं होतं. हसमुख पारेख यांनी आयसीआयसीआयमधून बाहेर पडल्यावर, वयाच्या 66 व्या वर्षी, 1977 मध्ये एचडीएफसी काढली होती आणि मध्यमवर्गाला तरुणपणी घर घेता येतं ही कल्पनाच नवी होती. अण्णा एका संस्थेत गेले. तिनं त्यांना दोन पगारदार जामीनदार आणायला सांगितलं. रेल्वेतला मामा लगेच तयार झाला. दुसरे होते अण्णांचे वर्गमित्र, शाळेत मास्तर. ते सही करायच्या दिवशी आले नाहीत. अण्णा सायकलवरून त्यांच्या घरी गेले, आणि वहिनींनी दारातूनच सांगितलं की ते बाहेरगावी गेलेत. आतून रेडिओ चालू होता. अण्णा मला हे एकदाच सांगून थांबले. घर आम्ही घेतलं ते सात वर्षांनी, आईच्या पाटल्या मोडून आणि पतसंस्थेतून कर्ज घेऊन.

त्या मास्तरांवर माझा राग नाही. परतफेड थांबली तर जामीनदाराचा पगार धरला जायचा, आणि घर विकून वसूल करायचं म्हटलं तर धनकोला कोर्टात वर्षं घालवावी लागत. म्हणून सगळा भार त्या बिचाऱ्या मालजामिनावर. हे बदललं 2002 च्या सरफेसी कायद्यानं. साठ दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते, म्हणून जामीनदारांचा आग्रह हळूहळू सैल झाला. 2000 साली कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी सिबिल स्थापन झाली होती, तिनं माणसाची पत आकड्यात मांडली. पण ज्यानं आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलंच नाही, त्याच्याविषयी सांगायला सिबिलकडे काही नसतं. पेठेतला दलाल चार गोष्टी तरी सांगू शकला असता.

माझ्या शिंप्याचं असंच होतं. वर्षाची उलाढाल साधारण 18 लाख. आयकराच्या 44 एडी कलमाखाली छोट्या धंद्याला तेव्हा हिशोबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या निदान 8 टक्के उत्पन्न दाखवता येत असे, म्हणून कुणीतरी त्याचं रिटर्न त्या आकड्यावर भरत होतं. वर्षाचे 1,44,000, महिन्याचे 12,000. बँक त्यातलं निम्मं हप्त्याला धरणार, म्हणजे 6,000. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला 868 रुपये हप्ता बसतो. कर्ज निघालं जेमतेम सात लाखांचं. त्याला हवा असलेला धायरीतला फ्लॅट होता तीस लाखांचा. आणि खरोखर, कारागिरांची मजुरी, भाडं, दोरे-अस्तर सगळं वजा जाऊन त्याच्या हातात महिन्याला चाळीस हजारांच्या वर उरत होते.

मी त्याला म्हटलं, "दोन वर्षं थांबा. खरं उत्पन्न दाखवा, त्यावरचा कर भरा, रोख घेता ते बँकेत भरत जा."

"ताई, दोन वर्षांत घर हातचं जाईल," तो म्हणाला. "दुसरे एकजण आठ दिवसांत करून देतो म्हणालेत. पगाराचे कागद तेच बनवणार."

खोट्या पगारपत्रकावर कर्ज निघतंही कधीकधी. मग पुढे कधी तपासणी झाली की फाइलीवर सही असते ती शिंप्याची, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. खत लिहिणारा बाजूला आणि निशाणी कात्री, हे मी त्याला त्याच्याच खापरपणजोबाचा कागद समोर ठेवून सांगितलं. तो काही न बोलता कागद घेऊन गेला. मला वाटलं, संपलं. जूनमध्ये तो नवं पासबुक दाखवायला आला.

कायद्यातला 8 टक्के हा आकडा किमान होता, जास्त कमाई असेल तर ती दाखवायची असते. दोन वर्षं त्यानं 5,10,000 च्या आसपास दाखवले, कर भरला. महिन्याला 42,500, त्याच्या निम्म्यावर साडेचोवीस लाखांचं कर्ज बसत होतं. मी त्याला 22 वर थांबवलं, कारण श्रावण आणि पितृपक्षात ब्लाउजचं काम किती मंदावतं ते मी त्याच्या वह्यांत पाहिलं होतं. त्या वह्या म्हणजे मापांच्या. बारा वर्षांच्या, एकही न टाकलेल्या. प्रत्येक पानावर बाईचं नाव, छाती, कंबर, बाही, गळा पुढचा-मागचा, कापडाचा एक बोटभर तुकडा टाचणीनं लावलेला, आणि कोपऱ्यात ॲडव्हान्स आणि द्यायची तारीख.

2018 च्या पावसाळ्यात फाइल लॉगिन केली. बँकेकडून पीडीसाठी एक तरुण क्रेडिट मॅनेजर दुकानात आला. पीडी म्हणजे धंद्याच्या जागी येऊन समोरासमोर विचारपूस. त्यानं रिटर्न पाहिली, मशिनी मोजल्या आणि ठरलेला प्रश्न विचारला, "महिन्याला किती ऑर्डर?" शिंप्यानं उत्तर द्यायच्याऐवजी मे महिन्याची वही उघडून त्याच्या पुढ्यात ठेवली. मुलगा पानं उलटत राहिला. मग त्यानं एक पान धरून, दांडीवर टांगलेल्या ब्लाउजांतून त्याच कापडाचा ब्लाउज शोधून काढला, कारण त्या बाईनं तो अजून नेला नव्हता. टाचणीचा तुकडा आणि बाही त्यानं शेजारी धरून पाहिली. तिथून पुढे त्यानं फार काही विचारलं नाही. मुलतानी सराफांच्या दलालाला असं पेठेत फिरून कळायचं. इथे ते वहीतून कळलं.

करार आला इंग्रजीत, चाळीसच्या वर पानं. सह्या उरकायला बँकेचे लोक अर्धा तास देतात. मी तो आदल्या संध्याकाळी मागून घेतला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि शिंपी आणि त्याची बायको यांना पहिल्या पानापासून मराठीत वाचून दाखवला. तीन तास लागले. दर बदलता आहे म्हणजे काय, हप्ता तोच ठेवून वर्षं कशी वाढतात, एक हप्ता चुकला तर काय, तीन चुकले तर काय. त्याच्या बायकोनं मधेच थांबवून विचारलं, "आधी भरून टाकलं तर दंड आहे का?" बदलत्या दराच्या घरकर्जावर रिझर्व्ह बँकेनं 2012 पासून तो बंद केलाय. तिला ते ऐकून फार बरं वाटलं, आणि ती तो आकडा डोक्यात ठेवून आहे हे मला पुढे दिसलं, कारण दर दिवाळीला तिनं थोडी थोडी रक्कम मुद्दलात भरली.

वाचून झाल्यावर त्यानं तो 1889 चा कागद पुन्हा काढला. "हा असा फाडलाय का हो? आजोबा म्हणायचे टाकू नका. का ते त्यांनाही माहीत नव्हतं."

देणं फिटलं की धनकोनं ऋणकोच्या समोर खत फाडून त्याच्या हातात द्यायचं, ही रीत होती. पुन्हा त्या कागदावर कुणी दावा लावू नये म्हणून. मजकूर वाचता येईल इतका शाबूत ठेवायचा. 125 रुपये आणि त्यावरचं व्याज त्या माणसानं फेडलं होतं, कात्रीच्या जोरावर, आणि घर सोडवलं होतं. मी हे सांगत असताना तो शिंपी फाडलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होता, कापडाची वीण पाहतात तसा.

आता बँका काही फाडत नाहीत. देणं फिटल्यावर मूळ कागद परत देतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 1 डिसेंबर 2023 पासून तीस दिवसांत दिले नाहीत तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. त्याचं कर्ज 2038 ला संपायचं, बायकोच्या हिशोबानं चार वर्षं आधीच. त्यानं कराराची प्रत आणि खापरपणजोबाचं खत एकाच पिशवीत घातलं, घडी न मोडता, आणि मशिनीच्या खणात ठेवून कुलूप लावलं.